आलेखावरून संयुक्त फलनाची किंमत कशी वाचावी: फ(ग(१)) चे उत्तर ० का येते

तुमच्या प्रश्नात दोन आलेख आहेत. (−३, ४), (−१, ०), (१, २) आणि (४, −१) हे बिंदू क्रमाने रेषाखंडांनी जोडून फ चा आलेख काढला आहे, आणि ग चा आलेख म्हणजे य = क्ष² − २ या अन्वस्ताचा क्ष = −२ पासून क्ष = ३ पर्यंतचा भाग आहे. फ(ग(१)) चे उत्तर ० दिलेले असताना तुम्हाला −२ मिळाले, ते का, असे तुम्ही विचारले आहे. आलेख तुम्ही अचूक वाचले आहेत: फ(१) = २ आणि ग(१) = −१. पुढे मात्र तुम्ही या दोन किमतींचा गुणाकार केला, आणि तो संयुक्त फलनाचा प्रश्न उरला नाही. संयुक्त फलनात १ ही संख्या फ पर्यंत पोहोचतच नाही. ती फक्त ग मध्ये जाते. ग तिचे −१ करते, आणि फ ला मिळते ते हे −१. म्हणून फ च्या आलेखावर क्ष = −१ पाहायचे, आणि तिथे आलेख क्ष-अक्षाला टेकलेला असल्यामुळे उत्तर ० येते.

यातली खरी अडचण आकडेमोडीची नसून अक्षांची आहे. ग च्या आलेखावर −१ ही संख्या तुम्ही उंची म्हणून, म्हणजे य-अक्षावर वाचता. पण फ च्या आलेखाकडे वळताना तीच संख्या क्ष-अक्षावर मांडावी लागते. हा अक्षबदल मनात स्पष्ट नसेल तर बोट −१ याच उंचीवर राहते, त्या उंचीवर फ चा बिंदू (४, −१) सापडतो आणि विद्यार्थी उत्तर ४ लिहितो. हे उत्तर मी पुष्कळ वह्यांत पाहिले आहे. त्याने ‘फ ची किंमत −१ कुठे होते?’ या उलट्या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. म्हणून माझा आग्रह असा आहे की मधली किंमत नेहमी वेगळ्या ओळीत लिहावी: आधी ‘ग(१) = −१’, मग ‘फ(−१) = ०’. क्रम उलटला तर उत्तरही बदलते, कारण ग(फ(१)) = ग(२) = २. सरावासाठी क्ष = २ मात्र घेऊ नका; तिथे ग(२) = २ असल्यामुळे ग कडे अजिबात न पाहणाऱ्यालाही फ(ग(२)) चे १ हे बरोबर उत्तर मिळून जाते.

दोन्ही आलेख एकाच कागदावर, एकाच प्रमाणात असतील तर हा अक्षबदल पट्टीनेही करता येतो. त्यासाठी य = क्ष ही रेषा काढा. क्ष-अक्षावरील १ पासून उभे जाऊन ग चा आलेख गाठा, तिथून आडवे जाऊन य = क्ष ही रेषा गाठा, आणि त्या बिंदूतून पुन्हा उभे जाऊन फ चा आलेख गाठा; जी उंची मिळेल ते उत्तर. य = क्ष या रेषेवरील प्रत्येक बिंदूचे दोन्ही निर्देशक समान असतात, त्यामुळे आडवे जाताना जी संख्या उंची होती तीच तिथे पोहोचल्यावर क्ष-निर्देशक होते. फ आणि ग एकच फलन असतील तर हीच कृती पुन्हा पुन्हा करता येते. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्राणिसंख्येच्या साध्या समीकरणांवर जो लेख लिहिला, त्यातही फलनाचा आणि त्याच्या स्वतःशीच केलेल्या संयोगाचा आलेख याच ४५ अंशांच्या रेषेबरोबर मांडून स्थिर बिंदू, म्हणजे फलनाची किंमत क्ष एवढीच येते ती ठिकाणे, शोधलेले आहेत.

आता प्रांताकडे, म्हणजे फलनाला क्ष च्या ज्या किमती देता येतात त्यांच्याकडे, लक्ष द्या, कारण परीक्षेत गुण बहुधा इथे जातात. ग(३) = ७ हे आलेखावर नीट दिसते, पण फ चा आलेख क्ष = ४ लाच संपतो, म्हणून फ(ग(३)) ही किंमत अस्तित्वात नाही. ‘अस्तित्वात नाही’ हेच इथे पूर्ण उत्तर आहे. त्या जागी ० लिहिणे चूक आहे आणि फ ची रेषा मनाने पुढे वाढवणेही चूक आहे. फ(ग(क्ष)) चा पूर्ण प्रांत हवा असेल तर ग ची उंची −३ ते ४ या पट्ट्यात कुठे राहते ते पाहा. ती −२ च्या खाली कधीच जात नाही, आणि ४ च्या वर जाते ती √६ नंतर, म्हणजे सुमारे २.४५ नंतर, त्यामुळे प्रांत −२ पासून √६ पर्यंतचा आहे. याच रीतीने ग(फ(क्ष)) चा प्रांत −२.५ ते ४ येतो; तो एकदा स्वतः पडताळून पाहा.

फ(ग(क्ष)) = ० सोडवताना बाहेरून आत यावे लागते. फ शून्य होते −१ आणि ३ या ठिकाणी. ग ची उंची −१ होते ती क्ष = −१ आणि क्ष = १ ला. उंची ३ होते ती क्ष = √५ ला, म्हणजे सुमारे २.२४ ला, −√५ मात्र ग च्या प्रांताबाहेर पडते. म्हणजे उकली तीन आहेत, आणि अन्वस्त सममित आहे म्हणून सवयीने चौथी लिहून टाकणे योग्य नाही.

शेवटी अचूकतेविषयी. मधली किंमत वाचताना झालेली चूक बाहेरच्या फलनाच्या तिथल्या चढाने गुणली जाते, आणि पुढे विकलनात शृंखला नियम शिकाल तेव्हा हाच गुणाकार तुम्हाला पुन्हा भेटेल. फ(−२.३) = २.६ आणि ग(२.६) = ४.७६ आहे, पण २.६ ऐवजी २.५ वाचले तर उत्तर ४.२५ येते, म्हणजे ०.१ ची चूक ०.५ च्या पुढे गेली. उलट क्ष = ० च्या जवळ ग जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे तिथे मधल्या किमतीत तेवढीच चूक झाली तरी उत्तर फारसे हलत नाही. म्हणून बाहेरचा आलेख जिथे तीव्र चढाचा असेल तिथे मधली किंमत पट्टी लावूनच वाचा, आणि उत्तरापुढे ‘अंदाजे’ असे लिहा.