गाडी थोडी खाली बसवायची आहे : लोअरिंग स्प्रिंग घेऊ की कॉइलओव्हर?

रोजच्या वापराची गाडी असेल आणि २५-३० मिमीच खाली घ्यायची असेल, तर चांगल्या कंपनीचे लोअरिंग स्प्रिंग पुरेसे आहेत. पण आधी शॉकॲब्सॉर्बर तपासा. त्यांच्यावर तेल ओघळलेलं दिसलं किंवा गाडी खड्ड्यानंतर डुलत राहत असेल, तर नवे स्प्रिंग त्यांच्यावर चढवू नका. हे स्प्रिंग आखूड आणि कडक असतात. थकलेल्या शॉकला त्यांची उसळी आवरत नाही. शिवाय आखूड स्प्रिंगमुळे शॉकचा दांडा आधीच आत गेलेला असतो, म्हणून बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबण्याआधी अडवणारा मऊ ठोकळा) लवकर लागतो आणि दणका थेट बॉडीला बसतो. शॉकही बदलायचे असतील, तर स्प्रिंगशी जुळणारे शॉक एकत्रच घ्या.

ट्रॅकवर जात असाल किंवा चारही कोपऱ्यांची उंची वेगवेगळी जुळवायची असेल, तर कॉइलओव्हर, म्हणजे शॉक आणि त्यावरचा स्प्रिंग असा एकत्र सेट. त्यात उंची बदलता येते, बऱ्याच सेटमध्ये डॅम्पिंगही (शॉक उसळी किती आवरतो ते). शक्यतो असा सेट घ्या ज्यात उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलते, म्हणजे शॉकचा प्रवास कमी होत नाही. चिखल-पाण्यात शॉकच्या बाहेरच्या आट्यांवर गंज धरतो आणि त्यांवर फिरवून उंची बदलायची कडी, म्हणजे कॉलर, जाम होते. अधूनमधून ब्रशने साफ करावं लागतं. स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा चांगले स्प्रिंग आणि शॉक केव्हाही बरे, हे माझं ठाम मत.

काहीही बसवा, नंतर व्हील अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतील.