टोकियोत पहिल्यांदा उतरल्यावर सगळ्यात आधी काय जाणवतं?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच परदेशात चाललोय, तेही डायरेक्ट टोकियो, तर आधी काय अंगावर येतं, गर्दी का उंच बिल्डिंगा. माझ्यापुरतं सांगते, दोन्ही नाही. शांतता.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात वाढलेली, त्याआधी लांब म्हणजे पुणे आणि दिल्ली एवढंच बघितलेलं. ऑफिसने नोव्हेंबरमध्ये दोन आठवड्यांसाठी पाठवलं. नारिता एअरपोर्ट शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे, म्हणजे आपलं इंदूर-उज्जैन धरा, मी तिथून ट्रेनने निघाले. डबा भरत भरत पार चेपून निघायची वेळ आली, पण आवाज? कोणी झोपलंय, कोणी मोबाईलमध्ये, बोलत कोणीच नाही. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. मी उचलला, स्पीकर चालूच होता, "पोचलीस का गं, खाल्लंस का काही, स्वेटर वरतीच ठेवलाय ना" असं सगळं डब्यात घुमलं. कोणी रागवलं नाही, कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. नंतर कळलं की ट्रेनमध्ये फोन सायलेंट ठेवायचा आणि बोलायचं नाही, हे तिथं सगळ्यांनाच माहीत असतं.

गर्दी बघायची तर शिंजुकू स्टेशनला. गिनीजमध्ये जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन म्हणून नाव आहे. कोविडच्या आधी रोज 35 लाखांच्या आसपास माणसं तिथून जायची, आणि 2011 च्या जनगणनेत अख्खं इंदूर 20 लाखांच्या आत होतं, करा हिशोब. एक्झिट दोनशेच्या वर. मी चुकीच्या एक्झिटने बाहेर आले आणि चाळीस मिनिटं फिरत राहिले. पत्ता होता हातात, पण तिथे बहुतेक गल्ल्यांना नावंच नसतात, पत्ता म्हणजे एरिया, मग ब्लॉकचा नंबर, मग बिल्डिंगचा नंबर. आपल्याकडे कसं, पानवाल्याला विचारा, तो सांगतो भिया सीधे जाके मंदिर से लेफ्ट. शेवटी एका आजोबांना मोबाईल दाखवला, त्यांना इंग्लिश येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं, ते वळले आणि मला हॉटेलच्या दारापर्यंत सोडून आले. वाटेत एक शब्द नाही. (तुम्ही हरवलात तर पोलिसांची छोटी चौकी असते, कोबान म्हणतात, तिथं बिनधास्त विचारा.)

आता खरी गोष्ट कचऱ्याची. मी इंदूरची ना, 2017 पासून स्वच्छतेत देशात नंबर वन म्हणवून घेणारे आम्ही, थोडा माज होताच. गेले आणि पहिल्याच दिवशी केळ्याचं साल हातात धरून अर्धा तास चालले कारण डबाच सापडेना! 1995 मध्ये तिथल्या मेट्रोत सारिन गॅसचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी पुष्कळ ठिकाणचे डबे काढून टाकले. मग लोक काय करतात, तर आपला कचरा आपल्या बॅगेत घालून घरी नेतात. आमच्याकडे रोज सकाळी गाणं वाजवत गाडी दारात येते, तिथे आज जळणारा कचरा, उद्या बाटल्या असे वार ठरलेले आणि पिशव्यांवर जाळी, कारण कावळे फाडतात. हे कावळे पण आपल्यापेक्षा बरेच दांडगे. मला ते साल कुठे टाकलं ते मात्र विचारू नका.

खाण्याचं आधी ठरवून जा. शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज लिहिलेलं बघून फसू नका, सूपमध्ये बऱ्याचदा दाशी, म्हणजे माशाचं उकळलेलं पाणी, असतं, नूडल्सवर एकही तुकडा दिसत नसला तरी. मी जीरावनची, म्हणजे आमच्या इंदुरी पोह्यांवरच्या मसाल्याची, पुडी नेली होती, साधा भात आणि वर जीरावन, चार दिवस तेच. मग कोणीतरी निशी-कासाई भाग सांगितला, तिथं भारतीय लोक भरपूर राहतात, जेवण मिळतं. कन्व्हिनियन्स स्टोअरमधल्या ओनिगिरीत, म्हणजे सारण भरलेल्या भाताच्या गोळ्यांत, आंबट उमेबोशीवाली (खारवलेलं आंबट फळ) घ्यायचे मी, बाकीच्यांत बहुतेक मासे असतात.

आणि हो, नोव्हेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. आम्ही रात्री अकराला सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, खायला निघणारी माणसं, तिथे लोक बाराच्या सुमारास शेवटच्या ट्रेनसाठी पळत असतात. ती चुकली की टॅक्सी, आणि टॅक्सी खिसा रिकामा करते.

परत आल्यावर आईने जॅकेट धुवायला काढलं तर खिशातून ओनिगिरीची रॅपरं निघाली, सात. सकाळी गाडी आली, आई रॅपर उलटंसुलटं करून बघते, सगळं जपानीत. मला ओरडून विचारतेय, "हे प्लास्टिकमध्ये टाकू का सुक्यात गं?" आणि गाडीवाला दादा हॉर्न वाजवतोय.