चेहरा मोजून दंतकमान ठरत नाही

ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, नवीन आहेस, म्हणून आधीच सांगते. रुंद चेहऱ्याला रुंद दंतकमान (दातांच्या ओळीची कमान), लांबट चेहऱ्याला अरुंद, हा कल खरा आहे. पण तो सरासरीचा. समोरच्या पेशंटची कमान त्यावरून ठरवू नकोस.

मोजमाप मात्र नीट शिक. गालांच्या हाडांमधली रुंदी घेताना कॅलिपरची टोकं त्वचेवर टेकतात, हाडावर नाही. मऊ भाग किती दाबला यावर आकडा बदलतो, म्हणून दोनदा मोज. दुसरं मोजमाप पहिलं विसरल्यावर घे, नाहीतर हात आपोआप तोच आकडा आणतो. दंतकमान मॉडेलवर, म्हणजे दातांच्या ठशावरून केलेल्या प्रतिकृतीवर, मोजताना नेमके कोणते बिंदू धरलेस ते लिहून ठेव.

पुढच्या दातांच्या रुंदीवरून कमानीची रुंदी सांगणारा पाँटचा निर्देशांक १९०९ सालचा. वरच्या चार पटाशींच्या (समोरच्या दातांच्या) रुंदीची बेरीज ३२ मिमी असेल, तर त्याच्या सूत्राने उपदाढांपाशी ४० आणि दाढांपाशी ५० मिमी रुंदी हवी. हिशेब सोपा, म्हणूनच मोह पडतो. पण त्यात ना स्नायू आहेत, ना जिभेची ठेवण, ना तोंडाने श्वास घेण्याची सवय. एवढ्यावरून कुणाची कमान रुंदावू नकोस, ही माझी कळकळीची विनंती.

खालच्या सुळ्यांमधलं अंतर तर शक्यतो आहे तसंच राख. ते वाढवलं की रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) सुटल्यावर बहुधा परत आकसतं, आणि दात पुन्हा दाटीवाटीने उभे राहतात. आर्चवायर, म्हणजे दातांना कमानीत आणणारी तार, निवडताना पेशंटचं उपचाराआधीचं मॉडेल समोर ठेव.