त्याची वही आधी परत द्या

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. समुद्राखालच्या दऱ्यांचं वेड घेतलंय, भूशास्त्रच करायचं म्हणतो. समुद्र वर आला की गाळ येणार, दरी भरणार. त्यात शिकायचं काय? आणि कोल्हापुरात समुद्र कुठे? सीईटी होईपर्यंत त्याची ती वही मी कपाटात बंद ठेवली आहे. त्याला इंजिनिअरिंगचं पटवून द्या.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. मार्कांचं नंतर बघू, मला ते कपाट खटकलं. पोरगं आपणहून नकाशे काढतंय, टिपणं लिहितंय आणि तुम्ही त्यालाच कुलूप लावता? वही आजच परत द्या. तिच्यात तासभर गेला म्हणून सीईटी बुडत नाही. वडिलांनी आवडीची गोष्ट हिसकावली ही अढी मात्र वर्षानुवर्षं जात नाही. तुमची काळजी खरी आहे, पण मार्ग चुकला.

शिवाय तुमचा समज नेमका उलटा आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, उघडा पडला होता. कित्येक नद्या तो ओलांडून पार खंडान्त उताराच्या, म्हणजे जिथून तळ एकदम खोल जातो त्या, कडेला जात आणि वाळू-गाळ थेट दऱ्यांच्या तोंडात ओतत. तिथून गढूळ लोंढे तो खोल तळापर्यंत नेत. समुद्र चढला तशी नद्यांची मुखं मागे सरली, गाळ किनाऱ्याजवळच अडला आणि बऱ्याच दऱ्यांच्या वाट्याला बारीक चिखल तेवढा उरला. सगळीकडे तसं नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखासमोरची दरी भूखंडमंचात इतकी आत शिरली आहे की तिच्यात आजही गाळ उतरतो. असं कुठे होतं, का होतं, हाच तर अभ्यास! असे लोंढे समुद्रतळावरच्या केबल तोडतात. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात तेल-वायू शोधणाऱ्यांनाही जुनी वाळू कुठे साचली हे आधी कळावं लागतं. आणि पंचगंगा नृसिंहवाडीला त्याच कृष्णेला मिळते. आज धरणं बराच गाळ अडवतात, पण हिमयुगात आपल्या सह्याद्रीची माती याच वाटेनं बंगालच्या उपसागराकडे जात होती.

भूशास्त्रात बी.एस्सी., जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा किंवा संशोधन, अशी वाट आहे. ती लांब आहे. नुसत्या बी.एस्सी.वर चांगली नोकरी मिळणं कठीण, हे त्याला स्पष्ट सांगा. सुट्टीत गोव्याला गेलात तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दाखवा.

इंजिनिअरिंगचं मी पटवून देणार नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. गणित आणि भौतिकशास्त्र कितपत जमतं ते त्यानं खरं खरं कळवावं, कारण इथे दोन्ही लागतात.