संक्रमण शिबिरातल्या, म्हणजे धोकादायक इमारतीतून हलवलेल्या कुटुंबांच्या तात्पुरत्या वस्तीतल्या मुलांसाठी आमच्या ग्रुपला काय करता येईल? वह्या-दप्तरं वाटावीत का?

वाटू नका. जून उजाडला की तिथे वाटणारे पुष्कळ येतात. पोराचं नाव शाळेच्या पटावर आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

बहिणीची गिरगावातली चाळ धोकादायक ठरली आणि म्हाडाने त्यांना प्रतीक्षानगरच्या शिबिरात खोली दिली. भाचा तेव्हा पाचवीत. जुन्या शाळेने दाखला द्यायला चालढकल केली आणि शिबिराजवळच्या अनुदानित शाळेतल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आधी दाखला आणा." बहीण रडत परत आली. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज घेऊन मी सोबत गेलो. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. उलट दाखला अडवणारा मुख्याध्यापकच शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. बाई कडाडल्या, "आम्हाला कायदा शिकवू नका." मी म्हटलं, मग अर्जावर आवक शिक्का मारा आणि नकार लेखी द्या. शिक्क्याचं नाव काढताच सूर बदलला. पोरगा त्याच दिवशी वर्गात बसला.

तेव्हा अशा आयांसोबत शाळेत जा. जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवत असतील तर कलम १४ दाखवा, तेवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. शिवाय संध्याकाळी जवळच्या शाळेचा एखादा वर्ग अभ्यासाला उघडून मिळतो का बघा. एकाच खोलीत स्वयंपाक, टीव्ही आणि आजारी आजोबा असताना दहावीचं पोर अभ्यास करणार कुठे?

आणि आईबापांना ठणकावून सांगा, शाळा लगेच बदला. आमचे भाऊजी अजून म्हणतात की मी घाई केली, सहा महिन्यांत परत जायचंच होतं, तोवर पोरगा गिरगावला ये-जा करू शकला असता. भाऊजी, त्या शिबिरांत लहानपणी आलेल्यांना नातवंडं झाली. इमारत कधी उभी राहील हे बिल्डरला माहीत नाही, म्हाडाला नाही, तर पाचवीतल्या पोराने रोज लोकलच्या गर्दीत कोणाच्या भरवशावर लोंबकळायचं? जुन्या घराच्या भाडेपावत्या जपून ठेवा, हक्क त्यांच्यावर शाबूत राहतो. पोराला जुन्या शाळेत अडकवून ठेवल्याने घर लवकर मिळत नाही.

एक राहिलं. कलम ५ चा हा आधार सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे, तोही आठवीपर्यंतच. विनाअनुदानित शाळेत तो चालत नाही.