प्रश्न तुमचे : कॅम्परव्हॅनने कोकण आणि घाट

प्रश्न : आम्ही पन्नाशीतले नवरा-बायको. डिसेंबरात टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायची, कोल्हापूरहून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून मालवणला जायचं, किनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत यायचं आणि आंबोलीवरून परत चढायचं, असा बेत आहे. आजवर लहान मोटारच चालवली आहे. घाटात सर्वांत जास्त कशाला जपावं? (सांगली)

उत्तर : उताराला. चढणीला गाडी दमली तर फार तर थांबते. उतारावर ब्रेक दमले तर ती थांबतच नाही.

सामान, पाणी आणि तुम्ही दोघं धरून व्हॅनचं वजन साडेतीन टन समजा. ती ५०० मीटर खाली उतरली की जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात ५० लिटर पाणी सहज उकळेल. ही उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये जाते. खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन उचलतं. म्हणून ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक वळणांवर दुसरा, सरळ पट्ट्यात तिसरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडायला त्रास होतो आणि नेमक्या त्या क्षणी गाडी मोकळी सुटते.

पाय ब्रेकवर टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, हवा तेवढा कमी करा आणि पूर्ण सोडा. हलकं पण सतत दाबत राहिलं की ब्रेकचं लायनिंग, म्हणजे डिस्कवर किंवा ड्रमवर घासणारा थर, तापून पकड सोडतं. दुसरा धोका ब्रेक ऑइलचा आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं डॉट-४ दर्जाचं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्या ऑइलची हमी फक्त १५५ अंशांची असते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पार तळाला जातं. व्हॅन ताब्यात घेताना ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे विचाराच. दोन वर्षं उलटली असतील तर बदलून मागा, संकोच करू नका.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर पहिल्या रुंद जागेला थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांखाली लाकडी ठोकळे लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतू नका, धातू तडकतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं तर जिवावर बेतणारं: ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतच जाते. शिवाय आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा तसाही थांबतो.

पाण्याची टाकी घाट उतरल्यावर भरा. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं. येताना आंबोली चढताना समोरच्याने तुम्हाला वाट द्यायची आहे, उतरताना तुम्ही चढणाऱ्याला. व्हॅनची उंची, छतावरच्या एसीसकट, फुटांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. घाटापेक्षा कोकणातल्या गावरस्त्यांवर फांद्या आणि वीजतारा जास्त आडव्या येतात. परवान्याची अडचण नाही: आरसीवरचं एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना चालतो.

प्रश्न : मुंबईहून सागरी मार्गाने गेलो तर फेरीबोटीत कॅम्परव्हॅन घेतात का? (डोंबिवली)

उत्तर : आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ या फेऱ्यांवर मोटारींबरोबर मोठी वाहनंही जातात, आणि खाड्यांना घातलेला लांबच लांब वळसा वाचतो. अडचण बोटीची नसून उताराची आहे. ओहोटीला बोट खाली बसते, धक्क्यावरून उतरणारी फळी तिरकी होते आणि व्हॅनचा मागच्या चाकांपलीकडचा लांब भाग जमिनीला घासतो. पायरी, सांडपाण्याचा नळ, मागचा बंपर यांचा बळी तिथेच जातो. भरतीचं वेळापत्रक पाहा आणि अर्धी भरती झाल्यानंतरची फेरी धरा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कालचा अंदाज आज चालत नाही. एकाने खाली उतरून मागून पाहावं, दुसऱ्याने क्लच सांभाळत अगदी सावकाश चढवावी. बोटीत हँडब्रेक, पहिला गिअर, आणि गॅसचा व्हॉल्व्ह सिलिंडरवरच बंद.

प्रश्न : १०० अँपिअर-अवरची बॅटरी दोघांना पुरेल का? एसी चालेल का? (नाशिक)

उत्तर : बॅटरी कोणती ते आधी पाहा. १२ व्होल्टची लेड-अॅसिड असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे सुमारे ६०० वॉट-अवर (एक वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक वॉट-अवर). त्याखाली नेत राहिलात तर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर हजाराच्या आसपास मिळतात.

आता खर्च. ४५ वॉटचा लहान कॉम्प्रेसर फ्रिज कोकणातल्या उकाड्यात निम्मा वेळ चालतो असं धरा: दिवसाला ५४०. १८ वॉटचे दोन पंखे रात्री नऊ तास: ३२५. दिवे आणि फोन: १००. बेरीज साडेनऊशेच्या पुढे. लिथियम जेमतेम पुरते, लेड-अॅसिड पहाटेच्या आत बसते आणि फ्रिजमधलं सुरमईचं पाकीट वाया जातं. एक टनाचा एसी तासाला हजारभर वॉट-अवर खातो, म्हणजे बॅटरीवर एक तास. एसी हवा असेल तर होमस्टेच्या १५ अँपिअरच्या प्लगवरच.

दुसऱ्या दिवशी बॅटरी भरायला छतावरच्या सौर पॅनेलवर विसंबू नका. कोकणात सावलीत उभं राहावंसं वाटतं, आणि सावलीत पॅनेल जवळपास काही देत नाही. इंजिनवरून भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर असेल तर सुमारे साडेतीन तासांच्या प्रवासात रिकामी बॅटरी भरते. व्हॅन निवडताना आम्ही एसीआधी हाच चार्जर पाहू.

प्लगवर जोडताना केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी, आणि रीळ पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेली केबल भाराखाली तापून वितळते. जुन्या घरांत अर्थिंग असतंच असं नाही. दोन-तीनशे रुपयांचा सॉकेट टेस्टर लावल्याशिवाय व्हॅन जोडू नका, नाहीतर बाहेरच्या पत्र्याला हात लावताच झटका बसेल.

प्रश्न : कॅसेट टॉयलेट कुठे रिकामं करायचं? (पुणे)

उत्तर : कॅसेट म्हणजे व्हॅनच्या टॉयलेटखालची, बाहेर काढून रिकामी करायची मैल्याची टाकी. १८-२० लिटरची कॅसेट दोघांना दोन-तीन दिवस पुरते. होमस्टेत मालकांना विचारून त्यांच्या संडासात ओता आणि दोन बादल्या पाणी टाका. सेप्टिक टँकमध्ये जाणार म्हणून फॉर्मल्डिहाइडवालं रसायन वापरू नका, टँकमधले जिवाणू त्याने मरतात. जैविक द्रव घ्या. ओढ्यात, खाडीत, विहिरीच्या आसपास कधीच नाही. आंबोलीत हिरण्यकेशीचा उगम आहे, आणि तिथल्या एका दुर्मीळ माशासाठी त्या जागेला २०२१ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथे साबणाचं पाणीसुद्धा सोडू नये.

प्रश्न : रात्री अगदी समुद्राला लागून व्हॅन लावता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वाळूवर नाही. ओली, घट्ट दिसणारी वाळू मोटारीला पेलते तशी साडेतीन टनांना पेलत नाही. चाक रुतलं की लोक अॅक्सिलरेटर दाबतात, चाक आणखी खाली जातं, आणि भरती ट्रॅक्टर यायची वाट पाहत नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोकणच्या कित्येक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. टायरखाली घरटी चिरडतात आणि दिव्यांमुळे पिल्लांची दिशा चुकते. बंदर रस्त्याच्या कडेला किंवा होमस्टेच्या अंगणात, मालकांना विचारून थांबा. माडाखाली मात्र लावू नका. नारळ छतावरचं पॅनेल फोडतो आणि वाळलेली झावळ काचेला तडा देते. निघताना गोड्या पाण्याने गाडीची खालची बाजू धुऊन घ्या. ब्रेकच्या नळ्या आणि बॅटरीची टोकं खाऱ्या हवेने आधी गंजतात.