दुचाकीवरचा जीपीएस : बॅटरी, घाट आणि पाण्याखालचे पूल

खानापूरहून एका वाचकाचा प्रश्न : १२५ सीसीच्या गाडीवर जीपीएस बसवलाय. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी नवीन आहे. जीपीएस काढून टाकू का?

काढू नका, जोडणी बदला. वायर थेट बॅटरीला दिलेली असणार. युनिट बंद केलं तरी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर चालूच राहतो. त्याने २० मिलीअँपिअर ओढले तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास जातो, आणि लहान गाडीची बॅटरी मुळात चार-पाच अँपिअर-तासांची असते. पूर्ण उतरायच्या बऱ्याच आधी सेल्फला ताकद पुरेनाशी होते.

खात्री करायची तर किल्ली बंद करून बॅटरीची मायनस वायर सोडा आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मिलीअँपिअरवर ठेवलेला मीटर (मल्टिमीटर) लावा. आकडा बघा, मग कन्व्हर्टरचा प्लग काढून पुन्हा बघा. जो फरक पडेल तेवढी गळती जीपीएसची. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवू नका, सेल्फ तर दाबूच नका. मीटरचा फ्यूज उडेल.

आता जोडणी. किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी डीसी वायर हवी. हेडलाइटची घेऊ नका, कारण बऱ्याच लहान गाड्यांत तिथे एसी करंट असतो. हॉर्नची किंवा ब्रेक स्विचची बरी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा: किल्ली बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर १२च्या वर दाखवलं की वायर बरोबर सापडली. जोड जिथे घ्याल तिथेच २ अँपिअरचा फ्यूज घाला, कन्व्हर्टरजवळ नको. मधली वायर घासून बॉडीला टेकली तर तोच वाचवतो. एकटं युनिट या लाइनवर अर्ध्या अँपिअरच्या आसपासच घेतं, त्यामुळे रिलेची (किल्लीच्या वायरने चालू होऊन जास्त करंट थेट बॅटरीवरून देणाऱ्या स्विचची) गरज नाही. फोनचा फास्ट चार्जरही लावणार असाल तर मात्र रिले घालून घ्या.

सगळ्यात जास्त वायरी तुटतात त्या हँडलच्या मानेपाशी. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतली तार मोडलेली असते. खूण अगदी ठरलेली: हँडल एका बाजूला वळवलं की चार्जिंगचं चिन्ह जातं, सरळ केलं की परत येतं. त्यासाठी बारीक तारांची मऊ वायर वापरा, मानेपाशी थोडी सैल ठेवा, हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा आणि मगच केबल टाय आवळा. मानेच्या वाकणात डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड कधीच नको. डागापाशी वायर ताठ होते आणि नेमकी तिथेच मोडते.

जांबोटीहून : कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात मोबाइलची रेंज जाते. तिथे जीपीएस चालेल का? सेकंडहँड मिळालेलं युनिट तारीखही वीसेक वर्षं मागची दाखवतं.

चालेल. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यातले चार नीट दिसले की जागा कळते, मोबाइलच्या टॉवरशी त्याचा संबंध नाही. रेंज लागते ती फोनला, नकाशा उतरवायला. म्हणून फोन वापरणाऱ्यांनी त्या पट्ट्याचा नकाशा बेळगावातच उतरवून घ्यावा. दाट झाडीत आणि कड्याला लागून नकाशावरची आपली खूण थोडी इकडेतिकडे उडते. अशा ठिकाणी युनिट ‘वळा’ म्हणालं तरी डोळ्यांना रस्ता दिसल्याशिवाय वळू नका.

तारखेचं कारण वेगळं आहे. जीपीएस आठवडे १,०२४ पर्यंतच मोजतं आणि पुन्हा शून्यावर येतं. हे एप्रिल २०१९ मध्ये घडलं. ज्या युनिटचं सॉफ्टवेअर तेव्हा बदललं नाही ते सुमारे १९.६ वर्षं मागे गेलं. रस्ता बहुतेक वेळा बरोबर दाखवतं, तारखेवर मात्र भरवसा नको. कंपनीने अपडेट दिलं असेल तर टाकून घ्या. नकाशाही जुना असेल तर Belagavi टाइप करून काही मिळणार नाही, कारण अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं. Belgaum, Hubli असं शोधा.

बेळगावहून : वेगळं युनिट कशाला? फोनच हँडलवर लावला तर?

आमचं मत वेगळ्या युनिटच्या बाजूचं. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्येच दिला आहे. शिवाय पावसाच्या थेंबांनी फोनचा पडदा आपोआप दाबला जातो. फोनच लावायचा असेल तर थरथर शोषणारा रबरी डॅम्पर असलेला माउंट घ्या.

सदलग्याहून : युनिट कधी उसाच्या पाणंदीत घालतं, तर कधी पाण्याखाली गेलेल्या पुलावर नेऊन सोडतं. उपाय काय?

पाणंदीवर उपाय सोपा. सेटिंगमध्ये ‘सर्वांत कमी अंतर’ असेल तर ‘सर्वांत कमी वेळ’ करा आणि कच्चे रस्ते टाळायला सांगा.

पुलाचं जास्त जपा, तिथे जिवाशी गाठ आहे. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेवरचे कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज यांसारखे बुटके बंधारे-पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आणि युनिटमधल्या नकाशाला त्याचा पत्ता नसतो. बऱ्याच युनिटमध्ये ‘टाळायची जागा’ नोंदवता येते. जून लागला की असे पूल त्यात घाला. ही सोय नसेल तर उंच पुलापलीकडचं गाव मधला थांबा म्हणून टाका. अक्षांश-रेखांश टाकताना पद्धत तपासा. बेळगावचे १५ अंश ५१ मिनिटं म्हणजे १५.८५, कारण ६० मिनिटांचा एक अंश होतो. कुणी १५.५१ टाकलं तर जागा ३७-३८ किलोमीटर दक्षिणेला सरकते. आणि पाणी ओसरून पूल सुरू झाला की त्या नोंदी आठवणीने काढा, नाहीतर दिवाळीतही युनिट लांबच्याच वाटेने नेईल.